बेलोऱ्याचं विमान की सोनेगावचं? पश्चिम विदर्भातून मुंबई गाठणाऱ्यांसाठी परीक्षण

16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीजवळच्या बेलोऱ्याला मुंबईचं पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं. त्याआधी चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर, दर्यापूर किंवा परतवाड्याच्या माणसाला विमानानं मुंबईला जायचं तर आधी पूर्वेकडे नागपूर गाठावं लागे, आणि मग पुन्हा पश्चिमेकडे उडावं लागे. अलायन्स एअर कंपनीची 'उडान' (लहान शहरांना स्वस्त विमानसेवा देण्याची केंद्र सरकारची योजना) खालची ही सेवा आल्यापासून पर्याय दोन झाले: बेलोरा आणि नागपूरचं सोनेगाव, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. वरचेवर मुंबई-पुण्याला जाणारा जिनिंगवाला, मंत्रालयात फाइल घेऊन फिरणारा सरपंच, उपचारासाठी दर महिन्याला जाणारा रुग्ण, लेकाकडे बंगळुरूला जाणारे आईवडील, अशा सगळ्यांच्या दृष्टीनं या दोन्हींचं हे परीक्षण आहे.

आमचं मत आधीच सांगतो. बेलोऱ्याची सेवा चांगली आहे, ती टिकावी आणि वाढावी असं मनापासून वाटतं. पण कोर्टाची तारीख, मुलाखत, ऑपरेशन, परदेशाचं पुढचं विमान असं काही त्याच दिवशी असेल तर एकट्या बेलोऱ्यावर भिस्त ठेवू नये. त्याचं कारण बेलोऱ्यात कसली खोट आहे असं नाही. कारण एवढंच, की तिथलं एक विमान चुकलं की दुसरं त्या दिवशी नसतं. नागपूरहून मुंबईला दिवसभरात अनेक विमानं असतात. तिथं एक रद्द झालं तर संध्याकाळपर्यंत काहीतरी मार्ग निघतो.

बेलोऱ्याला किती वेळ वाचतो, ते गावावर ठरतं

बेलोरा अमरावतीपासून साधारण 15 किलोमीटर, बडनेरा–यवतमाळ रस्त्याच्या बाजूला आहे. अमरावती–नागपूर अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. वेळापत्रकात अमरावती–मुंबई उड्डाण पावणेदोन तासांचं धरलेलं असतं, नागपूर–मुंबई जेट विमानही दीड ते पावणेदोन तास घेतं. अंतर कमी असूनही वेळ सारखाच लागतो, कारण बेलोऱ्याचं विमान पंख्याचं एटीआर-72 आहे आणि ते जेटपेक्षा बरंच सावकाश उडतं. म्हणजे हवेत काही वाचत नाही. वाचतं ते सगळं जमिनीवर.

नांदगाव खंडेश्वर, नेर, चांदूर रेल्वे, भातकुली, दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा, मोर्शी या पट्ट्यातल्या लोकांनी डोळे मिटून बेलोरा धरावं. जाताना आणि येताना दोन्ही वेळा बराच वेळ वाचतो, शिवाय रात्री-बेरात्री नागपूरच्या रस्त्यावर गाडी चालवावी लागत नाही. अकोला आणि मूर्तिजापूरकडच्यांनाही बेलोराच सोयीचं. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी आखूड पडते आणि तिथून नियमित प्रवासी विमान नाही. यवतमाळ शहर मात्र मधोमध आहे: बेलोरा पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर, नागपूर दीडशेच्या आसपास. त्यांनी वार पाहून ठरवावं. वरुडवाल्यांनी तर दोन्हीकडचं अंतर जवळपास सारखं धरून फक्त विमानाची वेळ पाहावी. पांढरकवडा, वणी, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली यांच्यासाठी नागपूरच. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा इकडच्या लोकांनी छत्रपती संभाजीनगरचं विमानतळही तपासावं. ते बहुतेकांना बेलोऱ्यापेक्षा जवळ पडतं. गोंदिया-भंडाऱ्याकडच्यांसाठी बिरसी आहे, तिथून डिसेंबर 2023 मध्ये इंडिगोनं हैदराबाद आणि तिरुपतीची सेवा सुरू केली होती. पण मुंबईसाठी त्यांनाही नागपूरच गाठावं लागतं.

वार आणि वेळ यांच्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बेलोऱ्याची सेवा सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवसांची, सोमवार, बुधवार, शुक्रवार. पण देशातल्या सगळ्या विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारपासून, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. छोट्या मार्गांवर या दोन तारखांना वार, वेळ, कधी कधी अख्खी सेवाच बदलते. ओळखीच्या माणसानं मागच्या महिन्यात सांगितलेली वेळ धरून काळीपिवळी ठरवू नका. तिकीट या दोन तारखांपलीकडचं असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून वेळ पुन्हा पाहा. बदलाचा संदेश तिकिटावर दिलेल्या मोबाइलवरच येतो. तिकीट सेतू केंद्रातून किंवा एजंटाकडून काढलं असेल तर तिथं बहुतेक वेळा त्यांचाच नंबर टाकलेला असतो, आणि संदेश तिकडेच पडून राहतो. स्वतःचा नंबर टाकायला लावा. ही गोष्ट छोटी वाटते, पण गावाकडच्या प्रवाशाचं विमान चुकण्यामागं बऱ्याचदा हेच असतं.

एटीआरमध्ये बसताना

ज्यांनी फक्त मोठ्या विमानानं प्रवास केला आहे त्यांना एटीआरमध्ये बऱ्याच गोष्टी उलट्या वाटतील. प्रवाशांचं दार मागे असतं. समोरच्या भागात, पायलटच्या मागे, सामानाचा कप्पा असतो. म्हणून पहिल्या रांगेची सीट म्हणजे दारापासून सगळ्यात लांबची सीट. लवकर उतरायचं असेल तर मागची रांग घ्या. पंखे पुढच्या भागाच्या बाजूला फिरतात, त्यामुळे तिथं आवाज आणि थरथर जास्त. मागे शांत असतं. म्हणजे 'पुढची सीट चांगली' या समजुतीपोटी जादा पैसे देऊन पुढची सीट घेण्यात काही अर्थ नाही. सीटा दोन-दोन असतात, मधली सीट नसतेच. पंख छताच्या वर असल्यानं कुठल्याही खिडकीतून खाली स्वच्छ दिसतं. पऱ्हाटीचे पट्टे, संत्र्याच्या बागा, शेततळी, सगळं ओळखू येतं.

चढायला विमानाच्या दारालाच जोडलेला लहानसा जिना असतो. दार जमिनीपासून फार उंच नसल्यानं गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या माणसाला हा जिना मोठ्या विमानाच्या उंच शिडीपेक्षा सोपा जातो. तरी व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच नोंद करा, किमान 48 तास आधी. आयत्या वेळी मागितली तर मिळेलच असं नाही.

डोक्यावरचा सामानाचा कप्पा मात्र लहान आहे. जेटमध्ये बसणारी चाकांची कडक बॅग इथं अडते, आणि विमानाच्या शिडीपाशी ती काढून घेऊन खाली ठेवतात. अशा वेळी औषधं, पैसे, सोनं, कागदपत्रं, मोबाइल, पॉवर बँक हे आधीच एका कापडी पिशवीत वेगळं काढलेलं असू द्या. पॉवर बँक खालच्या सामानात जाऊच शकत नाही, तो नियम सगळ्या कंपन्यांना सारखा आहे.

उन्हाळ्यात आणखी एक अनुभव येतो. एटीआरला जमिनीवर असताना एसी चालवण्यासाठी वेगळं छोटं इंजिन नसतं. त्याऐवजी उजवं इंजिन चालू ठेवतात आणि त्याचा पंखा ब्रेक लावून थांबवलेला असतो. इंजिनचा आवाज येतोय पण पंखा फिरत नाही, हे पाहून घाबरू नका, ते तसंच असतं. एसी मात्र उडेपर्यंत मंदच वाटतो. मेच्या 45 अंशांत लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर ओला रुमाल आणि पाणी हाताशी ठेवा. पाण्याची बाटली तपासणीनंतर भरून घ्या.

उन्हाचा दुसरा परिणाम वजनावर होतो. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. बेलोऱ्याची धावपट्टी 1850 मीटरची आहे. भर दुपारी, भरलेल्या विमानात वजनाचा हिशोब घट्ट बसतो, आणि गरज पडली तर सामानावर मर्यादा येते. म्हणून एप्रिल-मे महिन्यात जादा सामान आयत्या वेळी काउंटरवर पैसे भरून नेऊ, असा बेत करू नका. पावसाळ्यात एटीआर जेटइतकं उंच जात नसल्यानं ढगांतून जास्त जातं आणि हलतं. ज्यांना मळमळतं त्यांनी पंखाच्या आसपासची सीट घ्यावी. आवाज थोडा जास्त, पण हेलकावे सगळ्यात कमी.

रद्द झालं तर

बेलोऱ्याचं उद्घाटन झालं तेव्हा तिथं रात्री उतरण्याची सोय नव्हती. अशा विमानतळावर दुपारनंतरचं विमान उशिरा निघालं आणि सूर्यास्ताच्या आत पोचणार नसेल, तर ते रद्दच करावं लागतं. हिवाळ्यात सकाळच्या विमानाला धुकं आडवं येतं. त्यात एकच विमान दिवसभर तीन-चार गावं करत असतं, म्हणजे पहिल्या फेरीचा उशीर शेवटच्या फेरीपर्यंत वाढत जातो. म्हणून निघण्याआधी 'आपलं विमान किती वाजता' एवढंच विचारू नका. आपल्याला न्यायला येणारं विमान मुंबईहून निघालं का, ते पाहा. विमानाचा माग दाखवणारी ॲप फुकट मिळतात. त्यात मुंबईहून येणाऱ्या विमानाचा क्रमांक टाकला की कळतं. ते निघालंच नसेल तर घरून लवकर निघण्यात हशील नाही. मात्र काउंटर बंद होण्याच्या वेळेत तिथं असायलाच हवं, कारण उशीर झाला तरी काउंटरची वेळ मूळ वेळेवरच चालते असं गृहीत धरणं सुरक्षित.

बेलोऱ्याची एक मोठी जमेची बाजू आहे, तिचा कोणी पुरेसा विचार करत नाही. बडनेरा जंक्शन तिथून जवळ आहे. अमरावती–मुंबई एक्स्प्रेस संध्याकाळी निघते आणि सकाळी मुंबईत पोचवते. विदर्भ एक्स्प्रेससारख्या मुख्य मार्गावरच्या गाड्याही बडनेऱ्याला थांबतात. विमान दुपारी रद्द झालं तर रात्रीची गाडी धरून दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत हजर राहता येतं. काम खरोखर महत्त्वाचं असेल तर रेल्वेचं आरक्षण आधीच काढून ठेवा आणि विमान उडालं की रद्द करा. थोडे पैसे कापले जातात, पण तो विमा समजा. आरक्षण नसेल तर चार्ट लागल्यानंतर उरलेल्या जागा 'करंट बुकिंग'मध्ये खुल्या होतात, त्या स्टेशनवर किंवा आयआरसीटीसीवर पाहा.

पैशाचे हक्क काय? नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, यांचे नियम सगळ्या भारतीय कंपन्यांना लागू आहेत. विमान दोन तासांहून जास्त उशिरा असेल तर अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणांसाठी खाणं-पिणं मोफत द्यावं लागतं, आणि अमरावती–मुंबई व नागपूर–मुंबई दोन्ही यात बसतात. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची. न कळवता विमान रद्द केलं तर एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7,500 रुपये किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते भरपाई म्हणून मिळतं. 'जे कमी असेल ते' हे शब्द नीट वाचा. उडानच्या स्वस्त तिकिटावर 7,500 मिळतील असं धरून बसू नका. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी भरपाई नाही, पण परतावा आहेच. तिकीट पक्कं असून चढू दिलं नाही, म्हणजे जादा तिकिटं विकल्यामुळे तुम्हाला मागे ठेवलं, आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर 24 तासांच्या आत दुसरं विमान दिलं तरी मूळ भाडं व इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये मिळतात. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल 20,000.

डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांच्या नव्या नियमांमुळे इंडिगोची हजारो उड्डाणं देशभर रद्द झाली, तेव्हा प्रवाशांच्या या हक्कांची किंमत बऱ्याच जणांना कळली. भाडी आभाळाला भिडल्यावर केंद्र सरकारनं 6 डिसेंबरला तात्पुरती कमाल मर्यादा घातली: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये आणि 500 ते 1000 किलोमीटरला 12,000 रुपये, कर सोडून. नागपूर–मुंबई दुसऱ्या टप्प्यात येतं. अशा गोंधळात हातात लेखी पुरावा असणं महत्त्वाचं. रद्द झाल्याचा संदेश पुसू नका, काउंटरवरच्या फलकाचा फोटो घ्या, स्वतः केलेल्या खर्चाच्या पावत्या ठेवा.

नागपूर: सोनेगावला पोचण्याचे रस्ते

नागपूर विमानतळाबद्दल पहिली गोष्ट म्हणजे ते वर्धा रोडवर, शहराच्या दक्षिणेला आहे. हिंगणघाट, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळकडून येणाऱ्यांना शहरात शिरायची गरजच नाही. एसटी गणेशपेठ स्टँडपर्यंत जाते म्हणून लोक तिथपर्यंत जातात आणि मग ऑटोला पैसे देऊन तेवढंच अंतर मागे येतात. कंडक्टरला आधी सांगून वर्धा रोडवरच विमानतळाच्या वळणाशी उतरा. समृद्धी महामार्गानं येणाऱ्यांनी शिवमडक्याला बाहेर पडून वर्धा रोड धरावा, तिथून विमानतळ जवळ आहे. अमरावती रोडनं, वाडीकडून येणाऱ्यांनी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत शहरातून न जाता रिंग रोड धरावा आणि किमान पाऊण तास जास्त मोजावा.

मेट्रो स्वस्त आणि वेळेवर आहे. रेल्वे स्थानकावरून सीताबर्डी, तिथं गाडी बदलून खापरीकडे जाणाऱ्या ऑरेंज लाइननं 'एअरपोर्ट' स्टेशन. पण हे स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. सामान घेऊन चालत जाणं म्हाताऱ्यांना जमणार नाही, बाहेर ऑटो घ्यावा लागतो. आणि मेट्रो साधारण सकाळी 6 ते रात्री 10 चालते. म्हणजे पहाटेच्या विमानाला आणि रात्री उशिरा उतरणाऱ्याला तिचा उपयोग शून्य. पहाटेचं विमान हे सगळ्यात वेळेवर सुटणारं, कारण ते आदल्या रात्रीच येऊन उभं असतं. पण गावाहून पहाटे पोचायचं तर मध्यरात्री निघावं लागतं. झोपेत समृद्धीवर गाडी चालवण्याचा धोका पत्करण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी नागपुरात नातेवाइकाकडे किंवा वर्धा रोडवर मुक्काम करा. समृद्धीवर निघायचंच असेल तर टायर आधी तपासा. सिमेंटचा सरळ रस्ता, 120 ची मर्यादा आणि उन्हात घासलेले जुने टायर, हे गणित जीवघेणं आहे. मोटारसायकलीला त्या रस्त्यावर बंदी आहे, हेही विसरू नका.

मुंबईत उतरल्यावर

आता तिकिटावर 'मुंबई' लिहिलंय एवढं पुरत नाही. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली आहेत. तिकिटावर बीओएम असेल तर सांताक्रूझ-अंधेरीचं जुनं विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. पनवेल, वाशी, खारघर किंवा पुण्याच्या बाजूला जायचं असेल तर एनएमआय चांगलं. परळला टाटा रुग्णालयात किंवा मंत्रालयात जायचं असेल तर बीओएमच. भाडं 500 रुपयांनी कमी दिसलं म्हणून एनएमआय घेतलं आणि मग टॅक्सीला त्याच्या तिप्पट घातले, असं होऊ देऊ नका.

बीओएममध्येही टर्मिनल 1 आणि टर्मिनल 2 वेगळे आहेत, रस्त्यानं चारेक किलोमीटर अंतर आहे. परतीच्या तिकिटावरचं टर्मिनल पाहूनच ऑटोवाल्याला सांगा. मंत्रालयात जाणाऱ्यांसाठी चांगली सोय झाली आहे. भुयारी मेट्रो 3, म्हणजे ॲक्वा लाइन, ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण कफ परेडपर्यंत चालते. दोन्ही टर्मिनलला तिचं स्टेशन आहे, आणि 'विधानभवन' स्टेशनला उतरलं की मंत्रालय जवळच. टॅक्सीनं दीड तास लागायचा ते अंतर ट्रॅफिकशिवाय जातं.

बेलोऱ्याहून मुंबईला उतरून पुढे बंगळुरू, कोची किंवा परदेशी जाणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं. अलायन्स एअर 2022 पासून एअर इंडियापासून वेगळी झाली आहे आणि सरकारच्याच मालकीची राहिली आहे. म्हणजे पुढचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं असेल तर ही दोन स्वतंत्र तिकिटं होतात. बॅग मुंबईला स्वतः घेऊन पुन्हा जमा करावी लागते, आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी भरपाई देणं लागत नाही. देशांतर्गत पुढच्या विमानासाठी मध्ये किमान चार तास ठेवा. परदेशी जायचं असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

सामान: काय चालतं, काय अडतं

साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या 15 किलो खालचं सामान आणि 7 किलोपर्यंतची एक हातातली बॅग देतात. तिकिटावर नक्की आकडा असतो. घरून निघण्याआधी किराणा दुकानाच्या काट्यावर बॅग तोलून घ्या. जादा वजन आधी ऑनलाइन घेतलं तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतं.

संत्र्याची पेटी खालच्या सामानात जाते. पण लाकडी खोका किंवा उघडी क्रेट नको. पुठ्ठ्याचा जाड खोका, दोरी आणि चिकटपट्टी, वर नाव आणि मोबाइल. पेटी 10 किलोची असेल तर कपड्यांना 5 किलोच उरतात, हे आधी मोजा. तिखट, भिवापुरी मिरचीची पूड, मसाला हे हातातल्या बॅगेत नको, खालच्या सामानात. लोणचं, ठेचा, जवसाच्या चटणीची तेलकट बाटली हेही खालीच, आणि दोन पिशव्यांत बांधून. कुरड्या, पापड, सरगुंडे, शेवया कुठंही चालतात, फक्त हातातल्या बॅगेत चुरा होणार नाही असं ठेवा. सुकं खोबरं मात्र अडतं. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून वाटी असो की अख्खा गोटा, देऊळगावच्या प्रसादाचा असला तरी काढून घेतात. कापूर, काडेपेटी, लायटर यांनाही मनाई आहे. विळा, कात्री, आडकित्ता खालच्या सामानात. पॉवर बँक हातात ठेवा, 100 वॅट-तासांच्या आतली. साध्या 20,000 एमएएचच्या पॉवर बँकेचं 74 भरतं, ती चालते. पण विमानात तिच्यावर मोबाइल चार्ज करायला आता मनाई आहे.

नाव, आधार आणि सेतू केंद्र

आपल्याकडे जुन्या कागदांवर आडनाव आधी लिहितात, मग नाव, मग वडिलांचं नाव. तिकिटाच्या फॉर्मवर 'पहिलं नाव' आणि 'आडनाव' असे दोनच रकाने असतात. केंद्रातला मुलगा घाईत उलटसुलट टाकतो, किंवा आधारवर 'रामराव' असताना तिकिटावर 'रामरावजी' होतं. फक्त क्रम उलटा असेल तर देशांतर्गत प्रवासात सहसा अडत नाही. स्पेलिंग वेगळं असेल तर अडतं. तिकीट निघालं की तिथंच उभं राहून आधारशी अक्षरनअक्षर जुळवा. कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटावर 24 तासांच्या आत नावातली दुरुस्ती फुकट करावी लागते, असा डीजीसीएचा नियम आहे. उड्डाण सात दिवसांहून लांब असेल तर निदान पहिल्या 24 तासांत तिकीट रद्दही बिनशुल्क होतं. एजंटाच्या तिकिटावर नावाच्या दुरुस्तीची ही सोय धरता येत नाही, आणि परतावाही त्याच्या मार्गानं फिरून येतो.

ओळखपत्र मूळ हवं किंवा एम-आधार ॲपमधलं. व्हॉट्सॲपवर आलेला आधारचा फोटो दारावर चालत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्माचा दाखला सोबत हवा. परतीला पुणे, मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळुरूसारख्या ठिकाणी 'डिजी यात्रा' ॲपनं चेहरा दाखवून आत जाता येतं. नोंदणी घरीच, नेट चांगलं असताना करून ठेवा.

वारंवार जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी

इंडिगोचा ब्लूचिप आणि एअर इंडियाचा महाराजा क्लब या प्रवासावर गुण देणाऱ्या योजना, दोन्हींची सदस्यता फुकट आहे. नागपूरहून वर्षाला सहा-आठ वेळा जाणाऱ्यानं एकाच कंपनीला धरून राहावं. गुण दोन ठिकाणी विभागले की कुठंच काही हाती लागत नाही. सदस्य क्रमांक तिकीट काढतानाच टाका, आणि नाव आधारसारखंच ठेवा. बेलोऱ्याच्या विमानावर महाराजा क्लबचे गुण मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका.

विमानतळावरच्या लाउंजमध्ये, म्हणजे आरामकक्षात, बँकेच्या कार्डावर फुकट जेवण मिळतं असं ऐकून जाणाऱ्यांनी आधी बँकेला विचारावं. बऱ्याच बँकांनी आता मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घातली आहे.

जिनिंग, दालमिल, कृषी केंद्र चालवणाऱ्यांनी तिकिटावर जीएसटी क्रमांक आणि फर्मचं नाव बुकिंग करतानाच टाकावं. साध्या वर्गाच्या तिकिटावर 5 टक्के जीएसटी असतो. व्यवसायाच्या प्रवासावर तो परत घेता येतो, पण क्रमांक नंतर टाकून मिळत नाही. पुण्याला शिकणाऱ्या मुलांसाठी विद्यार्थी भाडं पाहा: इंडिगो आणि एअर इंडिया दोन्ही त्यात 10 किलो जादा सामान देतात. कॉलेजचं ओळखपत्र मात्र सोबत हवंच.

आणि विमान चुकलंच, किंवा न परतणाऱ्या तिकिटावर जाता आलं नाही, तरी विमानतळाचे शुल्क आणि कर परत मिळतात. कंपनीला ते द्यावेच लागतात, मूळ भाडं बुडालं तरी. आपले लोक 'तिकीट वाया गेलं' म्हणून ते मागतच नाहीत. कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून परतावा मागा. दाद लागली नाही तर 'एअरसेवा' या सरकारी ॲपवर तक्रार नोंदवा: तिकीट, बोर्डिंग पास असेल तर तो, कंपनीशी झालेल्या मेलची प्रत, आणि नेमकी किती रक्कम हवी आहे ते एका वाक्यात. मोघम लिहिलेल्या तक्रारीला मोघमच उत्तर येतं.